जुनी वार्ता, नवा रोख

एखादी घटना घडावी, प्रहरभरात ती सर्वांच्या कानी जावी, आणि दुसऱ्या दिवशी जो कोणी ती सांगायला उभा राहील त्याला श्रोत्यांच्या मुद्रेवर ‘हे आम्हांस ठाऊक आहे’ असा भाव स्वच्छ वाचता यावा, या अडचणीत आज मोबाइल तिपाईवर चढवून खोलीचे दार लावून बसलेला मराठी यूट्यूबर जितका सापडलेला दिसतो, तितकाच पेशवाईत डफावर थाप टाकून चावडीपुढे उभा राहणारा शाहीरही सापडलेला होता. फरक असलाच तर एवढाच, की शाहिराला ‘ट्रेंडिंग’ विषयांची आयती यादी कोणी पुरवीत नसे. ती यादी समोर असल्याने आजच्या माणसाचे काम सोपे झाले असे वरकरणी वाटते. परंतु तीच यादी, त्याच क्षणी, त्याच धंद्यातील प्रत्येकापुढे उघडलेली असल्यामुळे संध्याकाळपर्यंत एकाच बातमीवर, एकाच सुरात, एकाच चकित चेहऱ्याच्या चित्राखाली इतके व्हिडिओ निघतात, की शिळ्या कढीला ऊत आणण्याचा हा सार्वजनिक समारंभ पाहून प्रेक्षकाने बोट वर सरकवून पुढे जावे यात नवल नाही. सर्वांस ठाऊक असलेली वार्ता पुन्हा ऐकण्याजोगी करणे हे एक स्वतंत्र कसब आहे, आणि त्या कसबाला या प्रांतात पुष्कळ जुना व काही ठिकाणी फार उज्ज्वल असा इतिहास आहे.

उत्तर पेशवाईत पुणे हे जसे मसलतींचे तसेच वर्तमानाचेही मोठे केंद्र होते. निजाम, नागपूरकर भोसले, इंग्रज अशा सर्वांचे वकील तेथे राहत, आणि पेशव्यांचे वकील उलट त्यांच्या दरबारी. मोगली अमदानीतील वाकेनवीस आणि खुफियेनवीस यांच्या परंपरेतून आलेला अखबारनवीस हा या व्यवस्थेतील साधा नोकर; दरबार केव्हा भरला, भेटीस कोण आले, वस्त्रे कोणास मिळाली, स्वारी कोणत्या मुक्कामी उतरली, हे त्याने तारीखवार लिहून जासुदाच्या स्वाधीन करावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. एका दरबाराचे वर्तमान अनेक थैल्यांतून निरनिराळ्या दिशांना जाई आणि मजकूर बहुधा सारखाच असे. वकिलाची योग्यता तेथून पुढे सुरू होई: बाजारातील आवई कोणती व पक्के वर्तमान कोणते हे निवडून, या वर्तमानाचा आपल्या सरकारास अर्थ काय, हे ज्यास लिहिता येई त्याचे पत्र यजमान दुसऱ्यांदा वाची.

हैदराबादेस पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे हे या जातीचे लेखक होते. महादजी शिंद्यांनी १७९२ साली बादशाही फर्माने व वकील-इ-मुतलकीचा, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचा, बहुमान पुण्यास आणून सवाई माधवरावांस अर्पण केला, तेव्हा त्या समारंभाचा थाट, खिलतीची वस्त्रे आणि नजराणे यांची वर्णने लिहिणारे पुष्कळ होते. काळ्यांनी पुढल्या वर्षी नाना फडणिसांस जे पत्र लिहिले त्यात वस्त्रांची गणती नाही. अटकेपासून समुद्रापर्यंत पसरलेल्या भूमीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून त्या एका प्रसंगाचे मोल करण्याचा यत्न आहे, आणि त्याच पत्रात, माझ्या मते त्याहूनही महत्त्वाची, अशी एक तक्रार आहे की यवनांत तिळाएवढी गोष्ट आभाळाएवढी करून सांगतात, आणि आपल्याकडे आभाळाएवढी गोष्ट झाली तरी तिचा उच्चार करण्याची चाल नाही. वृत्तकथनाच्या कलेविषयी मराठीत इतक्या स्पष्टपणे लिहिले गेलेले याहून जुने वचन मला आठवत नाही. काळे दुरून, निजामाच्या राजधानीतून पाहत होते. पुण्याच्या गर्दीत उभ्या असलेल्यांना जे दिसले नाही ते त्यांना दिसले याचे कारण बहुधा ते अंतरच होय.

उलट प्रकारचे उदाहरण पानिपताचे. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांस माळव्यात भेलशाच्या बाजूस प्रथम कळली ती एका सावकारी पत्रावरून, आणि त्या पत्रात रणात पडलेल्या भाऊसाहेब व विश्वासराव यांची नावेही नव्हती: दोन मोत्ये गळाली, मोहरा हरपल्या आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, एवढाच पेढीवरील हिशेबी भाषेतला मजकूर. सावकाराने ही भाषा काही अलंकार म्हणून योजली नव्हती. वाटेत पत्र फुटले तर गुपित राहावे हा त्याचा व्यवहारी हेतू. तथापि एका साम्राज्याच्या पराभवाचे वर्णन रोजकीर्दीच्या शब्दांत केल्याने ते कोणत्याही विलापापेक्षा खोल रुतले, आणि पानिपताविषयी दुसरे काही ठाऊक नसलेल्या मराठी माणसासही ती मोत्ये आणि मोहरा ठाऊक असतात.

शाहिराचे क्षेत्र निराळे. त्याच्याकडे जासूद नाही, दप्तर नाही, आणि त्याच्या श्रोत्यास निकाल आधीच ठाऊक. अफझलखान मारला गेला, कोंडाणा सर झाला, नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, खर्ड्यास निजामाचा मोड झाला, हे कळून गेल्यावर गावात येणारा हा माणूस डफ आणि तुणतुणे घेऊन, मागे झीलकऱ्यांचा ‘जी जी’ उभा करून, तीच गोष्ट रात्रभर ऐकवी आणि लोक उठून जात नसत. कसे, हे पाहावयाचे असेल तर तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा, म्हणजेच कोंडाण्याचा, पोवाडा घ्यावा. कोंडाण्यावरील हल्ला फेब्रुवारी १६७० मधला. कड्यावरून चढाई, हातघाई, तानाजीचे पडणे आणि गडाचे हाती येणे, एवढा मजकूर बखरकारास पुरतो. तुळशीदास लढाईपासून आरंभच करीत नाही. तो आपणास प्रतापगडावर नेतो, तेथे खिडकीशी बसून जिजाबाई हस्तिदंती फणीने केस विंचरीत आहेत, त्यांची दृष्टी दूरवर कोंडाण्याकडे जाते आणि तो परक्याच्या हाती असल्याचे शल्य तेथेच उठते. मग राजगडाहून शिवाजीराजांस बोलावणे, मायलेकांचा फाशांचा डाव, आणि जिंकलेल्या आईने मागितलेला तो गड. तेथून पोवाडा उमरठ्याला उतरतो, जेथे तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी चालू आहे, आणि अक्षत देण्यास निघालेला तानाजी मोहिमेची आज्ञा घेऊन परततो. म्हणजे राजकारणातील एका गडाची बातमी शाहिराने एका आईच्या खिडकीतून आणि एका लग्नघराच्या अंगणातून सांगितली; ऐकणाऱ्या कुणब्यास गडकोटांची मसलत ठाऊक नसेल, परंतु घरी लग्न निघाले असता सरकारचे बोलावणे यावे याचा अर्थ त्यास कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

येथेच एक गोष्ट बजावून ठेवली पाहिजे. फाशांच्या त्या डावास समकालीन कागदांचा आधार नाही. कडा चढण्यासाठी वापरलेल्या घोरपडीची कथाही तशीच. नवा रोख शोधता शोधता नवी घटनाच निर्माण करण्याचा मोह शाहिरास आवरला नाही, आणि त्याची कल्पना इतकी बलवान ठरली की पुढील संशोधकांस ती शाळकरी पुस्तकांतून उपटून काढणे कठीण झाले. शाहिराला मी दोष देत नाही, कारण तो स्वतःस कवीच म्हणवीत होता. परंतु जो स्वतःस वृत्त सांगणारा म्हणवितो त्यास ही सवलत मागता येणार नाही. पोवाड्यांचे हे सर्व वाङ्मय मुख्यतः गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडीच राहिलेले होते. ते हॅरी अॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मिळवून १८९१ साली छापले, आणि पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी १९२८ पासून अधिक साक्षेपाने प्रसिद्ध केले, म्हणून आज आपणास ताडून पाहता येते.

शाहिराच्या आणि विशेषतः तमासगिराच्या धंद्याचे अर्थकारणही लक्षात घेण्यासारखे आहे. पद रंगले की नाही याचा निर्णय तेथल्या तेथे होई, आणि खूष झालेला श्रोता दौलतजादा करी. आजच्या थेट प्रक्षेपणात ‘सुपर चॅट’ या नावाने जे पैसे येतात ते त्याच घराण्यातले. ज्याची मिळकत समोरच्याच्या तत्काळ रुचीवर अवलंबून असते त्याचा कल रुचीकडे झुकणारच, आणि शृंगारिक लावणीचा पूर पेशवाईच्या अखेरीस का आला याचे एक उत्तर यात आहे.

छापखाना आल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेव्हा ते पाक्षिक होते, काही महिन्यांत साप्ताहिक झाले; ‘केसरी’ही १८८१ साली साप्ताहिक म्हणूनच जन्मला आणि दर मंगळवारी निघू लागला. सात दिवसांनी येणाऱ्या कागदावरची बातमी तोवर पेठांच्या कट्ट्यांवर चघळून संपलेली असणार हे संपादकास कळत होते, आणि म्हणून मराठी पत्राचे सर्व सामर्थ्य बातमीत न राहता अग्रलेखात आणि स्फुटांत एकवटले. या विलंबाला आपण अपूर्णता समजतो. मला तो उपकार वाटतो. प्रथम सांगण्याची शर्यत मुळातच हरलेली असल्यामुळे विचार करून सांगणे एवढाच मार्ग त्या माणसांपुढे उरला.

क्रॉफर्ड प्रकरणात याची कसोटी लागली. आर्थर क्रॉफर्ड हा एके काळचा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, ज्याच्या नावाची मंडई १८६९ पासून मुंबईत उभी आहे. पुढे तो महसूल खात्यात विभागाचा कमिशनर झाला, आणि बदल्या, बढत्या व नेमणुका यांसाठी हाताखालच्या मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून १८८८ साली त्याची चौकशी सुरू झाली. एवढ्या मोठ्या गोऱ्या अंमलदाराची लाचलुचपत उघडकीस आली, या एकाच विषयाने सारा इलाखा गजबजून गेला. जो तो क्रॉफर्डविषयी लिहू व बोलू लागला. चौकशीस पुरावा हवा होता, म्हणून ज्या मामलेदारांनी पैसे दिले होते त्यांस सरकारने अभय दिले आणि त्यांनी कबुलीजबाब दिले. पुढे चौकशी-कमिशनने लाचेचा आरोप शाबीत मानला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याच्या कारणावरून क्रॉफर्डची नोकरी मात्र गेली. येथवर आल्यावर प्रकरण संपले असे सामान्य वार्ताहराने समजावे, आणि बहुतेकांनी तसे समजलेही.

‘केसरी’चे संपादक टिळक यांची नजर मात्र कबुलीजबाब देणाऱ्यांवर खिळली होती. लाच दिल्याचे स्वमुखाने सांगितलेला मनुष्य न्यायासनावर कसा बसू शकतो, असा ओरडा इंग्रजी पत्रांतून व विलायतेतून सुरू झाला आणि अभयवचनाकडे पाठ फिरवून काही मामलेदारांना बडतर्फ करण्यात आले. मागणाऱ्याची चौकशी आटोपली आणि ज्याच्याकडून जुलमाने घेतले त्याची पोटगी बुडाली, हा उलटा न्याय ‘केसरी’ने धरून ठेवला, १८८९ साली पुण्यात त्यासाठी जाहीर सभा झाली आणि दिलेला शब्द सरकारने पाळावा ही मागणी विलायतेपर्यंत पोहोचविण्यात आली. मामलेदार हे काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, आणि त्यांची बाजू घेणे लोकप्रियही नव्हते. परंतु गाजत्या बातमीत ज्याच्यावर प्रकाश पडला आहे त्याला सोडून, तिचा खर्च कोणाच्या खाती पडला हे विचारण्याची जी रीत टिळकांनी येथे घालून दिली, तिच्या तोडीचे उदाहरण त्या काळच्या देशी वृत्तपत्रांत मला दुसरे दिसत नाही.

त्याच १८८८ साली, त्याच पुण्यात, जोतीराव फुल्यांनी एक ओळही न छापता हेच साधले. राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. शहरातील प्रतिष्ठित मंडळी शालजोडी आणि जडजवाहीर घालून जमली, आणि त्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या जाड्याभरड्या वेशात येऊन उभे राहिले, व या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्रास ऐकविले. त्या भोजनसमारंभाची वार्ता एरवी पाहुण्यांच्या नामावळीपलीकडे उरली नसती. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला तेव्हाही साचा शाहिराचाच, कथा सर्वश्रुत, आणि उभे राहण्याची जागा तेवढी कुळवाड्याची होती. क्रॉफर्डच्या नावाची ती मंडई आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखली जाते, हा योगायोग जाता जाता नोंदवितो.

दुष्काळाच्या बातमीचेही असेच. १८९६ च्या दुष्काळात हलाखीची वर्णने लिहिण्यास लेखणी तोटकी नव्हती. ‘केसरी’ने आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनी सरकारचाच फॅमिन कोड हाती घेतला; पीक किती आणे बुडाले म्हणजे सारा तहकूब वा माफ होतो, मदतीची कामे कोणत्या स्थितीत काढलीच पाहिजेत, हे कलमवार मराठीत सांगून ती पत्रके खेडोपाडी वाटली. रयत अर्जी करण्याऐवजी नियम दाखवू लागली, आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली; एका भाषांतराने सरकारास किती बोचावे याचे हे गमक आहे.

पुढे राजद्रोहाच्या कलमाचा विळखा आवळत गेला आणि सरळ बोलणे दुर्घट झाले, तेव्हा वक्र बोलण्याची कला फोफावली. शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’ पत्राची वक्रोक्ती त्यातूनच आली, आणि १९०८ साली तिची किंमत त्यांनी तुरुंगात मोजली. परंतु या मार्गाची परिसीमा झाली ती रंगभूमीवर. लॉर्ड कर्झनच्या कारभारावर आणि १९०५ च्या बंगालच्या फाळणीवर सारा देश बोलून थकला असता, ‘केसरी’च्या संपादकवर्गातील कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी विराटपर्वातील कीचकाची कथा उचलली आणि १९०७ मध्ये ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीकडून रंगभूमीवर आणले. नाटकात व्हाइसरॉय नाही, फाळणी नाही, काँग्रेसमधील मवाळ-जहालांचा वाद नाही. आहेत ते उन्मत्त कीचक, अपमानित सैरंध्री, सबुरी सांगणारा कंकभट आणि दात-ओठ खाणारा बल्लव. प्रेक्षकगृहात बसलेल्या कोणासही हे कोण आहेत असे विचारावे लागले नाही. विलायतेच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल याने या नाटकाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे, आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. ज्या कथेचा शेवट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, आणि ज्या बातमीचा कंटाळा आलेला, अशा दोन शिळ्या वस्तू एकत्र आणून खाडिलकरांनी स्फोटक द्रव्य तयार केले. हे रसायन पुन्हा तितकेसे कोणास जमले नाही.

आणखी एक माणूस या परंपरेत बसतो, आणि तो मुंबईच्या मजूरवस्तीतला. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे कोवळ्या वयात पायी मुंबईस आले, गिरण्यांतून आणि मिळेल तेथे राबले, आणि दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या वेढ्याची बातमी सर्व वृत्तपत्रांच्या नकाशांतून व तारांतून येत असताना त्यांनी तिचा पोवाडा केला. व्होल्गा नदी माटुंग्याच्या लेबर कँपातील श्रोत्यांनी कोठे पाहिली होती? परंतु कारखान्यातला कामगार आपल्याच शहराच्या रक्षणासाठी बंदूक घेऊन उभा आहे, एवढा धागा त्यांनी पकडला आणि परक्या मुलखातील लढाई लाल बावट्याच्या सभांतून आपल्या नात्यातली होऊन गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहू पाहणारा बेळगाव-कारवारचा मुलूख एकाच दुःखात ओवला. सीमेच्या प्रश्नावर त्या वर्षांत निघालेले अहवाल आज अभ्यासकच वाचतात. ती छक्कड अजून गायली जाते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके त्या दिवसाच्या बातमीवरून बतावणी रचीत, त्यामुळे तेच नाटक लोक पुनःपुन्हा पाहत, हाही त्याच कुळातला धाकटा वंशज.

या सर्वांत कोणी कोणाहून अगोदर बातमी आणली नव्हती. काळे दूर होते, शाहीर उशिरा येई, ‘केसरी’ आठवड्याने निघे, खाडिलकर तर कर्झन परत गेल्यानंतर बोलले. प्रत्येकाने आपला श्रोता कोण हे आधी ठरविले आणि मग त्या श्रोत्याच्या उंबरठ्यावरून तीच घटना पाहिली. आज व्हिडिओ करणाऱ्या तरुणास उपकरणांची वाण नाही. तो कोणाशी बोलतो आहे हे त्यास ठाऊक नसते, कारण त्याची समजूत अशी की तो सर्वांशीच बोलतो आहे, आणि सर्वांशी बोलणारा मनुष्य अपरिहार्यपणे सर्वांसारखे बोलू लागतो. यंत्राने केलेली शिफारस त्यास या खोड्यातून सोडवील असे मला वाटत नाही.

त्यास एकच विनंती करावीशी वाटते. पीकविम्याची, शाळा बंद होण्याची, पाणीपुरवठ्याची किंवा अनुदानाची जी बातमी या आठवड्यात गाजत असेल, तिच्यावर कॅमेऱ्यापुढे बसण्याआधी तिच्यामागचा शासन निर्णय एकवार मुळातून वाचावा, आणि त्यातील कोणते कलम कोणत्या गावच्या कोणत्या घरास लागू पडते हे पाहून यावे. टिळकांच्या माणसांना फॅमिन कोड इंग्रजीतून मराठीत आणावा लागला होता. महाराष्ट्र शासनाचे निर्णय मराठीतच निघतात, आणि सरकारी संकेतस्थळावर ते कोणासही फुकट वाचता येतात.